पितळी पट्टीच्या आत

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचं अध्यक्षस्थान ज्यांनी स्वीकारलं ते आपल्या सभागृहाचे माननीय अध्यक्ष महोदय. प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय बांधकाम मंत्रिमहोदय. ज्यांच्या सहीशिवाय या इमारतीत साधा दिवासुद्धा बदलत नाही ते आदरणीय सचिवसाहेब. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले लघुलेखक, वाहनचालक, कॅन्टीनची मंडळी, सफाई विभागातल्या ताई. माझ्या हाताखाली काम केलेले आणि माझ्या पाठीमागे मला ‘खांब’ म्हणणारे सगळे दारवान बंधू. आणि शेवटच्या रांगेत, आत येताना झडती देऊन आलेली माझी घरची माणसं. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

भाषण करायची मला सवय नाही. ऐकायची आहे. या इमारतीत मी उभ्यानं जेवढी भाषणं ऐकली तेवढी कुणी बसूनही ऐकली नसतील. उभ्या माणसाला डुलकी लागू नये म्हणून माझ्या गुरूंनी, म्हणजे माझ्या आधीच्या मार्शलांनी, मला एक युक्ती शिकवली होती. बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवत राहायची. आज ती तुमच्या उपयोगी पडावी. सचिवसाहेबांनी मला बजावलं आहे, ‘थोडक्यात आवरा, नंतर चहा आहे.’ मी आवरतो, साहेब. चहा थंड होऊ देणार नाही.

माझ्याविषयी आतापर्यंत फार चांगलं बोललं गेलं. इतकं की मध्येच मी मागे वळून बघितलं, दुसराच कुणी निवृत्त होतोय की काय. सचिवसाहेब म्हणाले, मी कधी रजा घेतली नाही. घेतली होती, साहेब. मेहुणा गेला तेव्हा घेतली होती, आपणच मंजूर केली होती. अध्यक्ष महोदय म्हणाले, माझ्या चेहऱ्यावरून आतलं काही कळत नाही, आणि मार्शलचा चेहरा असाच असावा. मंत्रिमहोदय म्हणाले, ‘त्या कठीण काळात मार्शलांनी मला घरच्या माणसासारखं सांभाळलं.’ त्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप गेले.

तो कठीण काळ कोणता, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. प्रमुख पाहुण्यांनीच विषय काढला म्हणून दोन शब्द सांगतो, नाहीतर माझी काय प्राज्ञा.

मार्शलचं काम तसं सोपं. दार उघडायचं, दार लावायचं, आणि कोण कुठल्या बाजूला असायला हवा ते बघायचं. आपल्या मुख्य फाटकाच्या उंबऱ्यात एक पितळी पट्टी बसवलेली आहे. आपण रोज तिच्यावरून येतो-जातो, पण बहुतेकांनी ती पाहिली नसेल. सफाईच्या ताईंनी पाहिली आहे, कारण त्या ती घासतात. अधिवेशन चालू असताना त्या पट्टीच्या आत, अध्यक्षांच्या परवानगीशिवाय, कुठल्याही सदस्याला अटक करता येत नाही. पोलीस अधिकारी कितीही मोठा असो, त्यानं पट्टीपाशी थांबायचं. त्याला थांबवायचं कुणी? तर मार्शलनं.

हे असं का, ते मी नवा होतो तेव्हा गुरूंना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘पूर्वी सत्तेच्या विरुद्ध बोललेला सदस्य घरी पोचायच्या आत नाहीसा व्हायचा. म्हणून ही पट्टी. माणसानं आत यावं आणि न भिता बोलावं. ही पट्टी तोंडासाठी आहे रे, हातांसाठी नाही.’ मला तेव्हा वाटलं, म्हातारा कोड्यात बोलतोय. मी मान हलवली आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.

असो. बाजाराला लागून असलेला पादचारी पूल पडला, ते आपल्याला आठवत असेल. भर दुपारी पडला. पुलाखाली लहान-लहान दुकानं होती. एक चाव्या करणारा, एक चपला शिवणारा, एक शिंपी. त्यातला शिंपी माझा मेहुणा, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आज तुमच्यापैकी ज्यांच्या अंगावर पांढरा गणवेश आहे, त्यातल्या बहुतेकांची मापं त्यानंच घेतलेली आहेत. तो शिवताना शिलाईच्या आत कापड जास्त सोडायचा. मी म्हणायचो, ‘अरे, सरकारी कापड आहे, बेतानं वापर.’ तर म्हणायचा, ‘दादा, कापड सरकारी असलं तरी आतला माणूस आपला आहे. कॅन्टीनचं खाऊन सुटणारच तो. तेव्हा मला दुवा द्याल.’ कॅन्टीनची मंडळी हसतायत, त्यांना पटलेलं दिसतंय.

तो पूल बांधला होता मंत्रिमहोदयांच्या मेहुण्याच्या कंपनीनं. काम चालू असताना खात्याच्या एका इंजिनिअरनं हरकत घेतली होती, सिमेंट बरोबर नाही म्हणून. त्या इंजिनिअरची बदली झाली आणि पूल मजबूत असल्याच्या दाखल्यावर मंत्रिमहोदयांनी स्वतः सही केली. हे मी म्हणत नाही, वॉरंट काढताना न्यायालयानं म्हटलं. मी एवढंच म्हणतो की त्यांच्या मेहुण्यानं बांधला आणि माझ्या मेहुण्याच्या अंगावर पडला. मेहुणे काय, घरोघरी असतात.

इन्स्पेक्टर साहेब वॉरंट घेऊन आले तेव्हा मंत्रिमहोदय सभागृहात होते आणि मी फाटकात होतो. मी हात आडवा केला. म्हटलं, ‘परवानगी?’ ते म्हणाले, ‘मागितली आहे.’ मी म्हटलं, ‘मग थांबा.’ ते थांबले. मंत्रिमहोदयही थांबले, आतल्या बाजूला. नंतर रोज सभागृह भरायचं, कुणीतरी कशावर तरी दोन शब्द बोलायचं आणि कामकाज उद्यावर जायचं. अधिवेशन संपत नव्हतं म्हणून अटक होत नव्हती, आणि अटक होऊ नये म्हणून अधिवेशन संपत नव्हतं. आमच्या दारवानांनी मंत्रिमहोदयांचं नाव ठेवलं ‘मुक्कामी साहेब’. साहेब, राग मानू नका, नाव प्रेमानं ठेवलेलं आहे. आपण हसलात, बरं वाटलं.

मी त्यांना सांभाळलं, हे मात्र खरं. वरच्या मजल्यावरच्या आपल्या दालनात ते सोफ्यावर झोपायचे. सोफा आखूड, पाय बाहेर यायचे, म्हणून मी समितीच्या खोलीतली खुर्ची आणून पायांशी लावली. उशी फार मऊ होती, ती बदलून दिली. खिडकीत कबुतरं घुमायची, त्यांचा साहेबांना भारी त्रास. सकाळी काठीला फडकं बांधून मी ती हाकलायचो. साहेब सपाता घालून लांब व्हरांड्यात फेऱ्या मारायचे आणि नियमाप्रमाणे मी थोडं अंतर ठेवून मागे. अंगात गणवेश तोच, मेहुण्यानं शिवलेला. दुसरा नव्हताच माझ्याकडे.

मंत्रिमहोदय स्वभावानं वाईट नाहीत, हे मी आज सर्वांसमोर सांगतो. माझे पाय सुजलेले बघून त्यांनी मला स्वतःचं मलम दिलं. म्हणाले, ‘उभं राहून राहून शिरा फुगतात, मार्शल. झोपताना पायाखाली लोड घेत जा.’ मी घेतो. मलमही चांगलं निघालं.

पट्टीच्या बाहेर इन्स्पेक्टर साहेबांनी खुर्ची टाकली होती. समोर बसस्टॉप आहे, तिथल्या बाकावर माझी बहीण येऊन बसायची. लोकांच्या कपड्यांची काजं-बटणं करायची कामं ती घरी घेत असे. ती पिशवी बरोबर आणायची आणि बाकावर बसून हात चालवायची. घोषणा नाही, फलक नाही. कुणाशी बोलायची नाही. नुसती फाटकाकडे बघायची. म्हणजे माझ्याकडेच, कारण फाटकात मी असायचो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘तो रोज तुझ्यासमोरून जातो?’

‘जातो.’

‘मग तू काय करतोस?’

‘दार उघडतो.’

तिनं हातातलं बटण लावून संपवलं, दोरा तोडला. ‘बरोबर आहे. तुझं कामच ते. मला एवढंच सांग, तो बाहेर कधी येईल?’

‘अधिवेशन संपलं की येईल.’

‘मग संपू दे. मला घाई नाही. शिक्षा होवो न होवो, दादा. एकदा त्याला न्यायाधीशासमोर उभं राहून सांगू दे, पूल का पडला ते. मी ऐकायला बसेन.’

तिचं म्हणणं तेव्हा एवढंच होतं. आजही एवढंच आहे.

इन्स्पेक्टर साहेब भला माणूस. चहा मी आतून पाठवायचो. ते पट्टीच्या पलीकडे बसून प्यायचे, मी अलीकडे उभ्यानं. म्हणायचे, ‘मार्शलसाहेब, कमाल आहे तुमच्या या पट्टीची. चार बोटं रुंद नाही आणि माझ्या अख्ख्या खात्याला ओलांडता येत नाही.’ मी म्हणायचो, ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब. अधिवेशन आज ना उद्या संपणार.’ ते म्हणायचे, ‘संपलं की मी आहेच.’ आमच्या दोघांच्या डोक्यात सरळ गणित होतं. पट्टीच्या आत तो सुरक्षित आहे, म्हणजे पट्टीच्या बाहेर नाही. बहिणीलाही मी हेच गणित समजावलं होतं.

घरचं दुःख मी मंत्रिमहोदयांना सांगितलं नव्हतं. मार्शलनं घरचं बोलायचं नसतं. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. फेऱ्या मारता मारता एकदा ते थांबले. मीही थांबलो.

‘मार्शल, तो शिंपी तुमचा मेहुणा होता?’

‘होय, साहेब.’

‘आणि तुम्ही बोलला नाहीत.’

‘नाही, साहेब.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं आहे. ‘अहो, आधी सांगायचं नाही का? मी काहीतरी केलं असतं.’

मी विचारलं, ‘काय केलं असतं, साहेब?’

त्यांनी अगदी मनापासून विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘तुमच्या बहिणीला युनिफॉर्मचं काम देऊन टाकू. सगळ्या इमारतीचं. टेंडर वगैरे मी बघतो, तुम्ही काळजी करू नका.’

टेंडर वगैरे मी बघतो. मंत्रिमहोदय, मी हे आपल्याला दुखवायला सांगत नाही. आपल्याला मदतच करायची होती, आणि मदत करायची दुसरी कुठली रीत आपल्याला ठाऊक नव्हती. मी म्हणालो, विचारून सांगतो. बहिणीला विचारलं. ती म्हणाली, ‘पूल का पडला ते विचारलंस का त्याला?’ ते मी विचारलं नव्हतं.

सचिवसाहेब घड्याळ बघतायत. आलोच, साहेब, शेवटाकडे आलो.

मग एक दिवस सभागृहात एक छोटं विधेयक आलं. अध्यक्ष महोदय, आसनावर आपणच होता. मतदानाची घंटा झाली. घंटा थांबली की सगळी दारं बंद करायची आणि निकाल लागेपर्यंत आतल्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही, बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, ही आपली पद्धत. मुख्य दाराची कडी मार्शल स्वतः लावतो. मी लावली. विधेयक माझ्यासारख्यालाही कळेल असं होतं. सदस्यानं पदावर असताना केलेल्या कुठल्याही गोष्टीसाठी त्याला अटक करायची असेल किंवा त्याच्यावर खटला चालवायचा असेल, तर अध्यक्षांची परवानगी लागेल. सभागृहाच्या आतही आणि बाहेरही. अधिवेशन असो वा नसो. जुन्या गोष्टींनाही हे लागू.

अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं आपण म्हणालात. या बाजूचे हात वर गेले. मी त्या बाजूला पाहिलं. त्या बाजूचेही वर गेले. या दोन बाजूंना मी कितीदा दंडाला धरून सोडवलं आहे. एकमेकांवर भिरकावलेले पाण्याचे पेले माझ्या कानावरून गेले आहेत. त्यांचं असं एकदिलानं काही झालेलं मी प्रथमच पाहत होतो. भाषण कुणी केलं नाही. मला बुटातली बोटंसुद्धा हलवावी लागली नाहीत. प्रतिकूल कोणी? कोणी नाही. मग मी कडी काढली.

त्याच दिवशी अधिवेशन संपलं. मंत्रिमहोदय आंघोळ करून, केस विंचरून, नवा शर्ट घालून जिना उतरले. मी पुढे होऊन फाटक उघडलं. पलीकडे इन्स्पेक्टर साहेब उभे होते. बाकावरची बहीण उठून उभी राहिली, तिच्या मांडीवरची बटणं रस्त्यात सांडली. तिला विधेयकाचं काही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते मी सांगितलेलं, अधिवेशन संपलं की. मंत्रिमहोदयांनी पट्टी ओलांडली. इन्स्पेक्टर साहेबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, सलाम ठोकला, आणि पुढे होऊन गाडीचं दार उघडलं.

मी फाटकाचं दार धरून उभा, ते गाडीचं दार धरून उभे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. आदेश त्यांनाही वरून आला होता.

गाडी गेली. बहीण रस्ता ओलांडून आली आणि पट्टीपाशी थांबली. आत यायला तिला पास लागतो, हे तिला ठाऊक होतं.

‘दादा, तो तर बाहेर आला.’

‘आला.’

‘मग?’

मी तिला सांगितलं. नवा कायदा काय आहे ते सांगितलं. म्हटलं, पट्टी आता त्यांच्या बुटांच्या तळव्याला लावली आहे, जातील तिथे ते आतच. तिनं खाली पट्टीकडे पाहिलं. म्हणाली, ‘आणि आपण?’ मी रस्त्यात जाऊन तिची बटणं वेचून दिली.

लोक मला विचारतात, मार्शल, तुम्हाला राग येत नाही का? खरं सांगतो, येत नाही. यायला हवा, हे मला कळतं. एकाच जागी फार वेळ उभं राहिलं की पायाला मुंग्या येतात. मग चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढल्यासारखा वाटतो. तसं काहीतरी माझं झालं आहे. दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो, दार उघडलं. मंत्रिमहोदय आले, मी मान लववली, त्यांनी पायाची चौकशी केली. त्यांचं खातं त्यांच्याकडेच राहिलं. पूल पुन्हा बांधला गेला. कुणी बांधला ते मी विचारलं नाही. बहीण आता त्याच पुलाखाली बसते, नवऱ्याच्या जागी, नवऱ्याच्या मशीनवर. मी तिच्याकडे गेलो की आम्ही दोघं एकदा मान वर करून पुलाकडे बघतो. मग ती मला चहा मागवते.

कायदा करणाऱ्यानं कायद्याच्या वर असावं का? हा प्रश्न माझ्या पायरीचा नाही. या विषयावर आपल्या सभागृहात विद्वान सदस्यांची दोन्ही बाजूंनी सुंदर भाषणं झालेली आहेत, मी ती उभ्यानं ऐकली आहेत. मला आपला मेहुणा आठवतो. एकदा मी त्याला म्हटलं, तू एवढा शिंपी आणि तुझी स्वतःची पँट कंबरेत का काचते? म्हणाला, ‘दादा, स्वतःचं माप स्वतः घेतलं ना, की कंबर नेहमी कमी भरते. पोट आपोआप आत जातं. टेप दुसऱ्याच्या हातात पाहिजे.’ सदस्यांना न भिता बोलता यावं, हे मला मान्य आहे. त्यासाठी मी जन्मभर फाटकात उभा राहिलो आणि पुन्हा राहीन. पण पूल काही तोंडानं पडत नाही.

बोलता बोलता भलतीकडे गेलो, क्षमा असावी. आता रिवाजाचं तेवढं राहिलं.

आपल्या सभागृहाचा एक जुना रिवाज आहे. निवृत्त होणाऱ्या मार्शलनं निरोपाच्या भाषणात एक गोष्ट मागायची, आणि अध्यक्षांनी जागेवर उभं राहून ‘दिलं’ म्हणायचं. नाही म्हणायचं नाही. ‘दिलं’ ऐकलं की मार्शलनं मुख्य दाराची किल्ली अध्यक्षांच्या हातात ठेवायची, आणि तिथे त्याची नोकरी संपते. हा रिवाज कुणी पाडला ते ठाऊक नाही, पण आजवर तो मोडलेला नाही. माझ्या गुरूंनी अध्यक्षांच्या आसनावर घटकाभर बसायला मागितलं होतं. बसले, रिकाम्या सभागृहाकडे बघून ‘शांत राहा’ म्हणाले आणि समाधानानं उतरले. त्यांच्या आधीच्यांनी मतदानाची जुनी घंटा मागितली होती. घरी जेवायला बोलावताना ते ती वाजवायचे. पुढे त्यांच्या पत्नीनं ती भंगारात घातली म्हणतात.

मी काय मागणार, याची सचिवसाहेबांना गेले काही दिवस काळजी. ‘मार्शल, आधी सांगून ठेवा, म्हणजे व्यवस्था करता येईल.’ मी म्हटलं, ‘लहानसंच आहे, साहेब. आणायला कुणाला पाठवावं लागणार नाही.’ त्यांना वाटलं मी ती पितळी पट्टी मागणार. त्यांनी नवी पट्टी करवूनसुद्धा ठेवली आहे. साहेब, तुमची तत्परता मी विसरणार नाही.

काल बहिणीकडे गेलो होतो. हा गणवेश मला दाटायला लागला होता, आज तो घालून व्यासपीठावर कसं बसायचं? तिनं दोन्ही कुशीच्या शिलाया उसवल्या आणि आतलं कापड सोडलं. नवऱ्यानं ठेवलेलं. समोरच्यांना दिसत असेल, कोट जुना होऊन पिवळसर झालाय आणि बाजूला या दोन पट्ट्या पांढऱ्याशुभ्र आहेत. शिवता शिवता ती म्हणाली, ‘उद्या काय मागणार आहेस?’ मी म्हटलं, ‘तू सांग.’ तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘मी काय सांगायचं? इतके दिवस तू मला थांब म्हणालास, मी थांबले.’

माननीय अध्यक्ष महोदय, मी परवानगी मागतो.

व्यासपीठावर बसलेले आपले प्रमुख पाहुणे, सन्माननीय बांधकाम मंत्री, यांच्यावर त्या पुलाचा खटला चालवायची परवानगी. नव्या कायद्यात ती देण्याचा अधिकार एकट्या आपल्याला आहे. ती कुणी मागावी, कुठे मागावी, याबद्दल कायद्यात काही म्हटलेलं नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी मागितलेली अजून आपल्या विचाराधीन आहे, म्हणून मी माझ्या हक्काची मागतो आहे. आपण उभं राहून एक शब्द म्हणायचा आहे.

मंत्रिमहोदय, बसा. आपल्याविषयी माझ्या मनात वाकडं काही नाही. आपलं मलम मी अजून लावतो. आपला दोष नसेल तर आपण न्यायाधीशासमोर तसं सांगा. ऐकायला माणूस तयार आहे.

टाळ्या नकोत. दारवान बंधूंनो, खाली बसा. अध्यक्ष महोदय बोलतील ते ऐकू आलं पाहिजे.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज येतोय. जाणाऱ्यांना जाऊ द्या. त्या दिवशी कडी मी लावली होती, आज दारं सताड उघडी आहेत, कुणाला अडवू नका.

अध्यक्ष महोदय खाली बघतायत. सचिवसाहेब त्यांच्या कानाशी काहीतरी बोलतायत. बोला, साहेब, सावकाश बोला. पायाच्या मुंग्या उतरायला लागल्या की आधी कळ येते. मला आत्ता ती येतेय, इतक्या दिवसांनी. त्यामुळे आवाज जरा हलला असेल तर सांभाळून घ्या.

या समारंभासाठी ज्यांनी खुर्च्या मांडल्या, फुलं आणली, जे माझ्याविषयी दोन शब्द चांगले बोलले आणि ज्यांनी ते सोसले, त्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात माझ्या पदाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, मानात कमी-जास्त झालं असेल, तर थोरांनी ते पोटात घालावं. चहा थंड होणार नाही म्हणालो होतो, ते काही जमलं नाही. त्याचीही माफी असावी.

किल्ली माझ्या खिशात आहे. शब्द ऐकल्याशिवाय ती देता येत नाही, आणि ती दिल्याशिवाय माझी नोकरी संपत नाही. तेव्हा, अध्यक्ष महोदय, आपण हवा तेवढा वेळ घ्या. मी इथेच आहे. शेवटच्या रांगेत माझी बहीण उठून उभी राहिली आहे. तू बस गं. मी उभा आहे.